इगतपुरीचे मौनतपस्वी

आमचे शेजारी डॉक्टर पेठकर दरवर्षी महिनाभर मौन पाळायला इगतपुरीला जातात आणि परत आले की रिक्षातून उतरता उतरताच ओरडतात. आधी रिक्षावाल्यावर, "उघड्यावर काय थांबतोस? भिंतीच्या आडोशाला घे!" मग वॉचमनवर, मग लिफ्टवर. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष खैरनार यांचं यावर एक शास्त्रीय मत आहे. "महिनाभराचं साचलेलं असतं हो. निघणारच."

खरं सांगायचं तर डॉक्टरांनी इगतपुरी फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिली आहे. तो महिना ते कुठल्यातरी युद्धात असतात. लढायला नव्हे, शिवायला. डॉक्टर सर्जन आहेत. जिथे बॉम्ब पडतात तिथल्या तंबूतल्या दवाखान्यात जाऊन ते जखमींची ऑपरेशनं करतात, तीही फुकट. देश दरवर्षी वेगळा असतो. "ते फाडतात, आपण शिवायचं. शिंप्याचा धंदा आहे," असं ते म्हणतात. या सेवेला भाषणात जी भारदस्त विशेषणं लावली जातात, त्यांतलं एकही त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही.

ही गोष्ट नाशकात दोघांनाच ठाऊक आहे, डॉक्टरांना आणि मला. त्यांच्या आईला, म्हणजे माईंना, ती कळू द्यायची नाही असा आमचा करार आहे.

पहिल्या वेळी डॉक्टर खरं सांगून गेले होते. ऐंशीच्या पुढच्या माईंनी "जा बाबा, चांगलं काम आहे" असं म्हणून दही-साखर हातावर ठेवली आणि त्या संध्याकाळपासून त्यांचं जेवण सुटलं. उपास नाही, रुसवा नाही, नुसता घास उतरेना. डॉक्टर धडधाकट परत आले तेव्हा माई सलाईनवर होत्या. "तिकडे अनोळखी लोकांना जगवत होतो आणि इकडे आई घालवत होतो," असं ते मला म्हणाले. पुन्हा जाणार नाही, असा शब्द त्यांनी माईंना दिला. आणि पुढच्या वर्षी त्यांना अध्यात्माची ओढ लागली.

थाप मात्र सर्जनला शोभेल अशी नेटकी होती. मौनाच्या शिबिरात फोन चालत नाही, भेट चालत नाही, पत्र चालत नाही. "फोन बंद राहिला पाहिजे आणि आई जेवली पाहिजे. याहून चांगली जागा दाखवा मला," असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे काम एकच. रोज जेवणाच्या वेळी माईंकडे डोकवायचं.

"काय म्हणतंय हो शिबिर?"

"छान चाललंय, माई."

"बोलत नाही ना तो कुणाशी?"

"एक अक्षर नाही."

एवढं ऐकलं की माई दुसरी भाकरी घेत. मी तसा सत्याचा कैवारी आहे, पण समोर एक म्हातारी पिठलं वाढून घेत असताना सत्य जरा बाजूला बसू शकतं.

डॉक्टरांनी मात्र या थापेची लाज राखली नाही. एकदा ते ऐन श्रावणात, इगतपुरीला महिना महिना सूर्य दिसत नाही अशा दिवसांत, उन्हाने रापून तांबडे होऊन परत आले. दोन तांब्यांत आंघोळ उरकतात. जेवायच्या आधी कोपरापर्यंत हात धुतात आणि ते वर धरून पानावर येतात. भिंतीला टेकले की कुठेही, कसेही झोपतात. आणि कुठलीही गोष्ट संपली की "पुढचा!" असं ओरडतात. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली तेव्हाही ओरडले. नवरी मुलगी दचकली.

पण खैरनारांना या सगळ्यात साधना दिसली. त्यांनी मंडळात डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. विषय, 'मौनाचे सामर्थ्य'.

डॉक्टर माझ्याकडे धावत आले. "मला दोन मिनिटं गप्प बसता येत नाही! काय बोलू मी?"

"तिकडे जे करता तेच सांगा. गावाचं नाव तेवढं गाळा."

हॉलच्या दारावर फ्लेक्स लागला होता. 'मौनतपस्वी डॉ. पेठकर'. खाली कमळ, आणि डोळे मिटलेल्या डॉक्टरांचा प्रसन्न फोटो. तो एका मुंजीत घेतलेला होता. डॉक्टर खुर्चीत झोपले होते. खैरनार मौनाच्या महतीवर अर्धा तास बोलले. पहिल्या रांगेत, ठेवणीतल्या लुगड्यात, माई बसल्या होत्या. त्यांच्या मागे मी.

डॉक्टर उभे राहिले. "बाहेर कितीही आवाज होऊ दे, समोर जे आहे तेवढंच बघायचं. हात हलू द्यायचा नाही. कालचं आठवायचं नाही, उद्याचं धरायचं नाही. हे संपलं की पुढचं." माना डोलू लागल्या. एका काकूंनी तर डोळे पुसले.

"गुडघे धरतात का हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"धरणारच. आठ-आठ तास उभं राहायचं म्हणजे..."

"उभं? मांडी घालून नाही?"

"जुन्या साधकांना उभं करतात," मी घाईने म्हणालो.

मग माईंनी हात वर केला.

"माई, तू घरी विचार ना," डॉक्टर म्हणाले.

"घरी तू बोलत नाहीस." हॉल हसला. माईंनी थांबून विचारलं, "तिथे भीती वाटते का रे?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काम असतं तोवर नाही वाटत. काम थांबलं की वाटते."

"आणि परत येशील याची खात्री असते?"

खैरनारांनी माइक ओढला. "अहो माई, इगतपुरीच ती! सारख्या एसट्या आहेत!" सगळे खदखदून हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

"नसते, माई," डॉक्टर म्हणाले. माइक खैरनारांच्या हातात होता, त्यामुळे ते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू आलं.

"तरी जावंसं वाटतं?"

"वाटतं."

खैरनारांनी आभार मानायला घेतले, मांडववाल्यापासून. डॉक्टर खाली उतरले आणि माईंच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. मग माईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जेवत जाईन मी," त्या हळूच म्हणाल्या. "जा तू. फक्त या शेजाऱ्यांना रोज पाठवत जाऊ नकोस. बिचाऱ्यांना खोटं बोलता येत नाही."