वानखेडेकाकांची बोलकी स्क्रिप्ट

आमच्या नागपूरच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं बिल्ड सुरू झालं, की पडद्यावरच्या इंग्रजी ओळींमध्ये मधूनच वऱ्हाडी उमटायची. 'थांबा, फाइली काढून राहिली.' 'काहून घाई करता?' ही करणी वानखेडेकाकांची. कोडचे तुकडे जोडून तयार प्रोग्रॅम बांधणारी स्क्रिप्ट त्यांनी लिहिलेली, आणि ती प्रत्येक पायरीवर बोलायची.

बिल्ड अडलं की काका पडद्यावर बोट ठेवून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचत. "शेवटची ओळ नुसती बोंबलते गा. पहिली वाच. अन् आधी पाह्य, तू उभा कुठं हाये." त्यांच्या मते निम्मी बिल्डं स्क्रिप्ट भलत्याच फोल्डरमध्ये उभी असल्यानं पडतात. वैताग असा, की त्यांचं म्हणणं दर वेळी खरं निघे.

नव्या साहेबांना ही बडबड पोरखेळ वाटली. "काढून टाक," ते मला म्हणाले. मी प्रोबेशनवर. दहा मिनिटांत सगळ्या वऱ्हाडी ओळी उडवल्या आणि वर शाबासकीही घेतली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ग्राहकाला प्रोग्रॅम द्यायचा होता आणि साडेबाराला बिल्ड पडलं. 'फाइल सापडत नाही', एवढंच. कुठल्या पायरीवर, ते सांगायला आता कोणी नव्हतं. साहेब माझ्या मागेच उभे. मला नोकरी गेलेली दिसू लागली.

शेवटी काकांना बोलावलं. त्यांनी वरून वाचलं. "हे तं बाहेरच उभी हाये!"

'चाला, घरात चाला' या ओळीतच योग्य फोल्डरमध्ये जायची आज्ञा होती. सुक्याबरोबर ओलंही मीच जाळलं होतं. काकांनी ओळ परत लिहिली, बिल्ड झालं. मी तोंड उघडणार, तोच ते साहेबांना म्हणाले, "चूक माही हाये. एका ओळीत दोन कामं ठेवायले नोको होते."

चहाच्या टपरीवर मी माफी मागितली आणि विचारलं, "काका, पण या ओळी कशाला?"

"आमची घरवाली, मंदा, अशीच बोले गा. भाजी चिरून राहिली, कपडे वाळू घालून राहिली, सारं सांगे. मी फोनवर बोलत अंगणाच्या फाटकापाशी उभा राहिलो, की म्हणे, चाला, घरात चाला." त्यांनी कप खाली ठेवला. "मी म्हणत जाओ, चूप बस वं जरा. आता दोन वर्षं झाले, चूप हाये."

वर जाऊन मी साहेबांना न विचारता सगळ्या ओळी परत घातल्या.