तिसऱ्या मानाचा मॅनेजर

बँकेची शाखा माणसांच्या सोयीसाठी उघडली जाते, असं एक मत शहरांत प्रचलित आहे. आमच्या उडुपीकडच्या पट्ट्यात ते कोणी फारसं मनावर घेत नाही.

तीरवर्धिनी बँकेचंच बघा. संस्थापक वेंकटराय शेणै यांना सात मुली. मुलीच्या सासरी बापाने उठसूट जाऊ नये अशी रीत. पण तपासणीला आलेल्या बँकेच्या अध्यक्षाला कोण अडवणार? त्यामुळे पहिल्या सात शाखा ज्या गावांत निघाल्या, तिथे बंदर, बाजार, व्यापार यांपैकी काहीही नव्हतं. जावई होता. (सहावी शाखा दोनदा हलवावी लागली. जावई घर बदलायचे.) अभ्यासक याला दूरदर्शी विस्तारधोरण म्हणतात आणि मलाही ते पटतं, कारण सातही शाखा नफ्यात चालल्या आणि मुलींना कोणी कधी उलटून बोललं नाही.

आठवी शाखा आमच्या मल्लोट्टूची. चौथ्या मुलीकडे जाताना शेणैंची मोटार इथे बंद पडली आणि गावाने त्यांना गरमागरम गोळीबजे खाऊ घातले. शेणैंनी दुसरी ताटली मागितली आणि शाखा मंजूर केली. गावानेही हात आखडता घेतला नाही. आमचं ग्रामदैवत म्हणजे राखणदार; वार्षिक नेमोत्सवात तो माणसाच्या अंगात येतो आणि पोफळीच्या फुलांचा प्रसाद मानाच्या क्रमाने देतो. पहिला मान मोठ्या घरच्या शेट्टींचा, दुसरा पाटलांचा. तिसरा त्या वर्षापासून बँक मॅनेजरचा झाला आणि तिसरे असलेले आम्ही बंगेर घरचे चौथे झालो. प्रगती म्हटली की कोणाला तरी सरकावं लागतंच.

नियम एकच. ज्याला पुकारलं, त्याने प्रसाद घेतल्याशिवाय पुढचं नाव पुकारायचं नाही.

आमच्याकडे मान थोरल्या भावाकडून धाकट्याकडे आणि मग भाच्याकडे येतो. माझे धाकटे मामा मोनप्पा उभा जन्म थोरल्या मामांच्या मागे उभे राहिले. थोरले मामा गेले, त्याच वर्षी तीरवर्धिनी उत्तरेतल्या एका मोठ्या बँकेत विलीन झाली आणि मल्लोट्टू शाखा बंद पडली. जवळच दुसरी शाखा आहे, असं कारण दिलं गेलं. (मध्ये नदी आहे, पूल नाही. पण नकाशावर नदी फार बारीक दिसते.)

"एकदा तरी हातात फूल पडू दे रे," मामा मला म्हणाले. "मग मी डोळे मिटायला मोकळा."

मी मोठ्या घरच्या तिम्मप्पा शेट्टींकडे गेलो. "अण्णा, मॅनेजरला वगळा की."

"अहो मारायरे, आज मॅनेजरला वगळू, उद्या मला वगळाल," शेट्टी म्हणाले. म्हणजे मॅनेजर शोधणं आलं.

पहिल्या वर्षी निवृत्त मॅनेजर कामतांना गाडी पाठवून आणलं. अंगात आलेल्या राखणदाराने त्यांना विचारलं, "तू मॅनेजर आहेस, की होतास?" कामत सज्जन माणूस. "होतो," म्हणाले. उत्सव तिथेच थांबला.

दुसऱ्या वर्षी गावाने बँकेकडे रीतसर मॅनेजर मागितला. बँकेने ग्राहकहित ध्यानात घेऊन एटीएम पाठवलं. आम्ही त्याला शाल पांघरली, गंध लावलं. नाव पुकारताच पडद्यावर अक्षरं उमटली: सेवा तात्पुरती उपलब्ध नाही. गावात दोन तट पडले. एक म्हणे, हा नकार आहे. दुसरा म्हणे, मॅनेजर याहून वेगळं कधी काय बोलले होते? वाद मिटेपर्यंत फुलं सुकली.

तिसऱ्या वर्षी, बँकेने निदान तोंडी प्रसाद स्वीकारावा म्हणून, तिच्या ग्राहकसेवेला फोन लावून तो उत्सवाच्या कर्ण्याला जोडला. "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा." मग बासरी. राखणदार फुलं धरून उभा, गाव हात जोडून उभं. मामांना खुर्ची दिली होती.

"कोण रे ही बाई?"

"रेकॉर्ड आहे, मामा."

"असू दे. महत्त्वाचा म्हणाली. आजवर आपल्याला कोणी म्हटलं होतं?"

"आपण रांगेत चौथे आहात," बाई म्हणाली.

मामा सावरून बसले. खांद्यावरचं उपरणं नीट केलं. "बघ. तिला ठाऊक आहे."

बासरी पुन्हा सुरू झाली आणि बराच वेळ चालली. मामांची मान कलली तेव्हा आम्हाला वाटलं, डुलकी लागली. हात गार लागला तेव्हा कळलं. तिम्मप्पा शेट्टी ढसढसा रडले. कोणीतरी म्हणालं, निदान आता तरी फूल द्या. पण मामांचा पुकारा झालेला नव्हता. माझंही काळीज तुटलं. एका माणसाला ओंजळभर फुलं द्यायला अख्ख्या गावाला जमू नये, याची मला लाज वाटली. तरी फोन ठेवा, असं मी म्हणालो नाही. ठेवला असता तर पुन्हा शेवटून सुरुवात झाली असती, आणि आता चौथा मी होतो.

तुम्ही म्हणाल, मशीनमधल्या आवाजापुढे असं ताटकळत राहायचं म्हणजे निव्वळ अडाणीपणा. अगदी मान्य. फक्त मघापासून कानाला लावलेला तो फोन जरा खाली ठेवून हे पुन्हा एकदा म्हणून दाखवा.