टणक सपोझिटरी

इंडोनेशियातल्या आमच्या मकासारच्या उन्हात कोकोबटर टिकत नाही, ही बाब आमच्या आरोग्य कार्यालयाने अत्यंत गांभीर्याने घेतली. मागच्या वाटेने द्यायच्या तापाच्या सपोझिटऱ्या कोकोबटरच्या असत, आणि दवाखान्यातून घरी जाईपर्यंत पाकिटातच वितळत. लोक तक्रार करत. कार्यालयाची अब्रू जाते, असं आमचे प्रमुख अंदी माप्पासांदा म्हणाले.

मग मानक ठरलं. सोमवारच्या ध्वजवंदनाला साहेबांनी सपोझिटरी शर्टाच्या खिशात ठेवून भाषण करायचं. भाषण संपेपर्यंत जी आकार सोडणार नाही, ती उत्तीर्ण. साहेबांचं भाषण किती लांबतं ते आम्हाला ठाऊक होतं, सपोझिटऱ्या बनवणाऱ्या कारखान्याला नव्हतं. मिश्रणात मेण वाढवता वाढवता बिचारे मेटाकुटीला आले. अखेर एक उत्तीर्ण झाली आणि आम्ही आनंदाच्या प्रसंगी रचतात तो पिवळ्या भाताचा डोंगर कापून जेवलो.

"साहेब, उन्हात तुमचा खिसा अंगापेक्षा जास्त तापतो," औषधं सांभाळणाऱ्या बू हास्निया, म्हणजे हास्नियाबाई, म्हणाल्या. "तिथे जी वितळली नाही, ती अंगात काय वितळणार? औषध मेणातच अडकून बसलं, तर रक्तात उतरणार कसं?"

"बू, पाकिटातलं लोकांना दिसतं. आतलं बघायला कोण जातंय?"

पुढच्याच आठवड्यात साहेबांची नात तापाने फणफणली. तोंडावाटे दिलेलं सगळं ओकत होती. नवी सपोझिटरी दिली, ती जशीच्या तशी बाहेर आली. साहेबांनी ती उजेडात धरली.

"बघ सूनबाई, कोपरासुद्धा झिजला नाही! ही बेचाळीसला वितळते. पोरीला चाळीस आहे. दोन अंशांचाच प्रश्न आहे."

"मग काय पुआंग, पोरीला अजून तापू द्यायचं?" सून सासऱ्यांवर रडत ओरडली.

तेव्हा कुठे साहेबांचा चेहरा उतरला. बू हास्निया धावत आल्या. स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये मासळीमागे लपवलेली कोकोबटरची जुनी सपोझिटरी त्यांनी दिली. ती आत गेली, वितळली, आणि पोरीला घाम फुटला. मलाही हायसं वाटलं.

सोमवारी साहेबांनी जाहीर केलं, की नवं मानक घरच्या अनुभवाने सिद्ध झालं आहे.

"साहेब, ती जुनी होती!" बू हास्निया म्हणाल्या.

"असेल. पण पोर नव्या मानकाच्या काळातच बरी झाली ना?"

आता औषधाच्या खिडकीवर रांग लागते. बू हास्निया बर्फावरची जुनी काढून देतात, ती हातात येईतो मऊ पडते. लोक नाक मुरडून परत करतात. टणक मिळाली की खूश होऊन घरी जातात. सगळं डोळ्यांनी पाहूनही परवा मी टणकच घेतली. हसू नका. तुमच्यापुढे दोन्ही ठेवल्या, तर तुम्हीही आधी बोटाने दाबूनच बघाल.