मॅगझिनवाले सय्यदचाचा

आमच्या सोसायटीत सय्यदचाचांसमोर ‘मॅगझिन’ हा शब्द उच्चारायचा नाही, असा अलिखित नियम आहे. चुकून कुणी उच्चारलाच, तर चाचा जिन्यात आडवे उभे राहतात आणि म्हणतात, "अहो, मुळात जाऊ या."

चाचांची नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली. तिथल्या कोठाराला मॅगझिन म्हणत, बंदुकीत गोळ्या भरतात त्या डबीलाही मॅगझिन, आणि घरी चाची दुपारी लोळत वाचायच्या तेही मॅगझिन. एकाच शब्दाचे एवढे संसार कसे, या कोड्यात चाचा अडकले ते निवृत्तीनंतरही सुटले नाहीत.

एकदा मंडईजवळच्या स्टॉलवर एका बाईंनी मॅगझिन मागितलं. चाचा शेजारीच होते.

"ताई, शब्द मूळचा अरबी. मखझन म्हणजे कोठार. इटली, फ्रान्स करत इंग्रजांकडे गेला. आपला खजिना त्याचाच सख्खा भाऊ!"

"मग या कागदांना का म्हणतात?"

"ज्ञानाचं कोठार म्हणून."

बाईंनी मुखपृष्ठावरची नटी निरखली. "कोठार बरंच रिकामं दिसतंय."

चाचा दिवसभर खूश होते.

स्वारगेटला तर त्यांनी बंदूकधारी पोलिसालाच विचारलं, "साहेब, तुमचं मॅगझिन भरलेलं आहे का?" त्यांना लगेच चौकीत बसवलं. थोड्या वेळाने तेच पोलीस त्यांना हात जोडून रिक्षात बसवून गेले. तोवर सगळी चौकी इटलीपर्यंत पोहोचली होती.

परवा चाचा कुठे दिसेनात, म्हणून मी वर गेलो. तापाने फणफणले होते. पलंगाशेजारी खुर्चीत चाची. अर्धांगवायूनंतर त्यांचं बाहेर जाणं संपलं आणि बोलणंही गेलं.

चाचा हळू आवाजात म्हणाले, "रोज बाहेरून काहीतरी गंमत आणतो हिच्यासाठी. कोण काय म्हणालं, कुणी कसं तोंड केलं, सगळं करून दाखवतो. मग हसते. आजारी पडल्यापासून काही आणलंच नाही हो."

चाची दाराकडे बघत होत्या.

मी स्टूल ओढून ऐसपैस बसलो. "चाचा, मी नीट चौकशी केली. मॅगझिन अरबी नाहीच. शुद्ध इंग्रजी शब्द आहे."

चाचांनी पांघरूण भिरकावलं. "काय म्हणालात?"

चाचींच्या ओठांची एक कड हलली.

"शुद्ध इंग्रजी," मी चाचींकडे बघत पुन्हा म्हणालो.