जिवंत माणसांची यादी

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सगळ्या गावकऱ्यांचा सत्कार सोमवारी होता. शुक्रवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या संगणकातून यादी निघाली आणि सरपंच वीरधवल खुर्चीतच ताठ झाले. यादीत एकच नाव होतं, नाथाजी. या नाथाजीच्या तेराव्याला सरपंच स्वतः जेवून आले होते.

“मॅडम, दीडशे शाली आणल्यात. आन मानकरी एकच? त्यो बी गेल्याला?”

वाईहून इथं संगणक सांभाळायच्या नोकरीला आलेल्या भार्गवीनं पडद्यावर यादी पुन्हा तपासली. मयत माणसं यादीत यायला नकोत, म्हणून तिनं संगणकाला सांगितलं होतं, ज्यांच्या मृत्यूची तारीख आजच्या पुढची आहे तेवढेच दाखव. नाथाजीची तारीख लिहिताना कुणीतरी २०२५ऐवजी २०५२ टाकलं होतं. त्यामुळे तो अजून सत्तावीस वर्षं जिवंत ठरला होता.

“आन मी?” शालीचा रंग बघायला आलेला हरिबा दारातूनच म्हणाला. “माझं नाव कुटं गेलं?”

“आजोबा, तुमच्या मृत्यूच्या तारखेची जागा रिकामी आहे. रिकामी जागा आजच्या अलीकडची की पलीकडची, हे संगणकाला ठरवता येत नाही. मग तो ते नाव सोडूनच देतो.”

“म्हंजी मी मेलो न्हाई, म्हनून जित्यांच्या यादीत न्हाई?”

“तसंच झालंय.”

हरिबा मटकन बाकावर बसला.

“मग टाक की पोरी एखादी तारीख,” तो म्हणाला. “फकस्त जरा लांबची टाक.”

तारीख टाकायची गरज पडली नाही. भार्गवीनं नाथाजीचं साल दुरुस्त केलं आणि संगणकाला नव्यानं सांगितलं, तारखेची जागा रिकामी असेल तेही सगळे दाखव. यंत्र घरघरलं आणि वयानं थोरला तो आधी, अशी एकशे त्रेचाळीस नावं कागदावर उतरली. सरपंचांनी श्वास सोडला आणि यादी मोठ्यानं वाचायला घेतली. सातव्या नावावर ते अडखळले.

“हरणाबाई हरिबा, वय चौऱ्याऐंशी. त्याच्या खाली हरिबा, ब्याऐंशी. आवं तात्या, काकी तुमच्यापरीस थोरल्या हायत?”

हरिबाचा चेहरा पांढराफटक पडला.

“लगनात मी अठराचा हुतो, ती सोळाची हाय म्हनली हुती,” तो पुटपुटला. मग उठून भार्गवीच्या टेबलाजवळ आला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “पोरी, ती तुझी पयली यादीच बरी हुती बग.”