एमेट व्होग्ट यांचे नाव पाटीवर लावण्याबाबत

कोणतीही वस्तू दुकानातून घरी येते तेव्हा ती नुसती वस्तू असते. तिच्यात खोट सापडली की ती आपली होते. हे सत्य जगाला अजून नीटसं कळलेलं नाही. आमच्या ओहायोतल्या एल्क क्रीक गावाला मात्र ते एकोणीस वर्षांपूर्वीच कळलं, आणि त्याच वर्षी ‘एल्क क्रीक टोपी-रिव्हॉल्व्हर जुळणी मंडळ’ स्थापन झालं.

मंडळाचं कार्य थोडक्यात असं. यादवी युद्धाच्या काळात सैनिक कमरेला लावत, तशा रिव्हॉल्व्हरच्या हुबेहूब नकला आता नव्याने बनतात. यात काडतूस नसतं. सिलिंडरच्या सहा घरांत पुढून दारू भरायची, शिशाची गोळी दाबून बसवायची, तिच्यावर मेण आणि मेंढीची चरबी थापायची, आणि मागच्या बाजूला प्रत्येक घराला मसुराएवढी तांब्याची टोपी घालायची. घोडा टोपीवर आपटतो आणि बार उडतो. (निदान तशी अपेक्षा असते.) फुटलेल्या टोपीचा कपचा घोड्याखालच्या फटीत पडला की सगळं यंत्र जागच्या जागी अडकतं. या अडकण्याला आमच्याकडे कोणी वाईट म्हणत नाही. रिव्हॉल्व्हर अडकलं नाही तर माणसाने संध्याकाळी करायचं काय?

जुळणी म्हणजे घासणे. स्प्रिंग घासून पातळ करणे, म्हणजे चाप लोण्यासारखा ओढला जातो. नळी धरून ठेवणारी पाचर घासणे. मधला दांडा केसभर आखूड आहे असं ठरवून त्याला चकती लावणे. मग तो केसभर लांब झाला म्हणून चकती घासणे. सोबत एक छापील माहितीपत्रक येतं. ते डब्यात रिव्हॉल्व्हर हलू नये म्हणून ठेवतात, असा मंडळात सर्वसाधारण समज आहे.

गेल्या वर्षीच्या अहवालातले आकडे बोलके आहेत. (अहवाल माझ्या नवऱ्याने लिहिला. रॉइस मंडळाचा चिटणीस आहे.) सभासद तेवीस. रिव्हॉल्व्हर एकसष्ट. त्यांपैकी अखंड अवस्थेत चौदा, सिलिंडर फिरतं अशी सहा, थांबायला हवं तिथे थांबतं अशी दोन. घासण्यात गेलेले तास चार हजार तीनशे. वर्षभरात उडालेले बार अठ्ठेचाळीस. यातले बारा बार शेजारच्या गावचा एक पाहुणा न अडकता उडवून गेला. त्याला पुन्हा बोलावलेलं नाही.

रॉइसबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माणूस प्रेमळ आहे, आणि प्रेम असल्याशिवाय कोणी एवढं घासत नाही. आमच्या मफिनच्या ट्रेमध्ये बारा खळगे आहेत आणि बाराही भरलेले असतात, फक्त मफिनने नव्हे, स्क्रू-स्प्रिंगांनी. आमची मुलगी जून जन्मली तेव्हा त्याने तिचा पाळणाही हौसेने जुळवून दिला. पाळणा आता फक्त डावीकडे झुलतो. जूनला डावीकडे झोप येते, त्यामुळे बिघडलं काहीच नाही. हे मी तो झुलवता झुलवताच लिहिते आहे.

मंडळाच्या हॉलमध्ये अक्रोडाच्या लाकडाची एक मोठी पाटी आहे. नियम सात असा: जो सभासद सलग सहा बार न अडकता उडवेल, त्याचं नाव पितळी पट्टीवर कोरून पाटीवर लावावं. सभासद दिवंगत असल्यास घरच्यांनी त्याच्या वतीने बार उडवावेत. पाटीवर चाळीस पट्ट्यांची जागा आहे. एकोणीस वर्षांत एकाही पट्टीने ती डागाळलेली नाही. दर वसंतात तिला पॉलिश करतात.

अशा परिस्थितीत, गेल्या ऑक्टोबरात अर्लीनबाई व्होग्ट खडीच्या खाणीतल्या आमच्या मैदानावर आल्या. एका हातात भोपळ्याचा ‘पाय’ (भट्टीत भाजलेला गोड पदार्थ), दुसऱ्या हातात रिव्हॉल्व्हरचा डबा.

अर्लीनबाईंनी शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली. त्यांचे यजमान एमेट मार्चमध्ये गेले. एमेट पहिल्या दिवसापासूनचा सभासद, आणि मंडळाच्या इतिहासातला सर्वांत आळशी. इतर जण घासत असताना तो दिवा धरायचा, कॉफी आणायचा, हरवलेले स्क्रू टेबलाखाली गुडघ्यांवर बसून शोधायचा. त्याचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर अकरा वर्षं कपाटात चादरींच्या वर पडून होतं. “काय एमेट, उघडलास का डबा?” असं कोणी विचारलं की म्हणायचा, “बघू. थंडी सरू दे.” अकरा थंड्या सरल्या.

“एमेटच्या नावाने उडवायला आलेय,” अर्लीनबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी कौतुकाने जागा करून दिली. अध्यक्ष मर्ल स्टकी माझ्या कानाशी म्हणाले, “दोन उडतील. तिसऱ्याला अडकेल. तू रुमाल जवळ ठेव, बाई रडली तर.” मी जूनला घेऊन लांब गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या आणि रुमाल मांडीवर ठेवला.

पहिला बार उडाला. दुसरा उडाला. तिसऱ्याला लोवेल प्रॅटने हातातली कॉफी गाडीच्या टपावर ठेवली. (लोवेल दंतवैद्य आहे. त्याच्यासारखी घासायची हत्यारं सगळ्या काउंटीत कोणाकडे नाहीत.) चौथा. पाचवा. सहावा. धूर विरला, मी काच अर्धी खाली केली (खाणीत बोलणं घुमून लांबवर ऐकू येतं) आणि अर्लीनबाई वळल्या.

“झाले सहा. पट्टी कधी लावताय?”

 मर्ल पुढे झाले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, “अर्लीन, तू आधी बस. अरे, कोणीतरी तिला खुर्ची द्या.”

“का? काय झालं?”

“घाबरू नकोस. यात तुझा काही दोष नाही.”

“नवं आहे ना,” लोवेल म्हणाला. “नव्यात होतं असं कधी कधी. योगायोग असतो.”

“मग भरते परत आणि उडवते.”

“नको!” चार-पाच जण एकदम ओरडले.

रॉइसने विचारलं, “यावर नक्की काय काम केलंत?”

“गरम पाण्याने धुतलं, पुसलं, तेल दिलं. कागदावर लिहिलं होतं तसं.”

“कुठल्या कागदावर?”

अर्लीनबाईंनी माहितीपत्रक काढून दाखवलं. ते हातोहात फिरलं. दोघांनी ते उलटं धरून पाहिलं.

तिथेच तातडीची सभा भरली. मर्लनी नियम सात मोठ्याने वाचला आणि ‘जुळणी मंडळ’ या नावाकडे सर्वांचं लक्ष वेधलं. जुळणीच झालेली नसेल तर यश कोणाचं मानायचं? “तूच सांग अर्लीन. एमेटने त्याला हातही लावला नाही. मग नाव कशाबद्दल लावायचं?”

“त्याने हात लावला नाही म्हणून तर ते चालतंय!”

(इतिवृत्तात याची नोंद ‘इतर किरकोळ चर्चा’ अशी आहे.)

मग मंडळाने मन मोठं केलं. एमेटच्या वतीने मंडळच हे रिव्हॉल्व्हर हिवाळ्यात जुळवून देईल, सगळे मिळून, प्रेमाने. मे महिन्यात बाईंनी पुन्हा सहा बार उडवावेत. पट्टी त्याच दिवशी लागेल. अर्लीनबाईंनी डब्याचं झाकण लावलं. निघताना माझ्या गाडीपाशी आल्या तेव्हा मी काच पूर्ण खाली केली.

“थडग्याच्या दगडावर नाव आहे गं त्याचं,” त्या म्हणाल्या. “पण तिथे एकटाच आहे. त्याला या मेल्यांचीच संगत आवडायची. म्हणून म्हटलं, इथे असावं.”

आणि त्यांनी डबा रॉइसच्या हाती दिला.

हिवाळाभर ते रिव्हॉल्व्हर घरोघर माहेरवाशिणीसारखं फिरलं. मर्लनी पाचर घासली. लोवेलने दाताच्या बारीक चाकाने स्प्रिंग अशी पातळ केली की ती उजेडात धरून पाहावी. शेवटी ते आमच्याकडे आलं आणि मफिनच्या ट्रेमध्ये उतरलं. रॉइस अकरा दिवस त्याच्यापुढे मान खाली घालून बसला होता. बाराव्या दिवशी मी न राहवून विचारलं, “रॉइस, हे चालत होतं ना रे?”

“चालत होतं. पण का चालत होतं ते कोणाला माहीत होतं?” तो म्हणाला. “आता का चालत नाही, ते मला नेमकं माहीत आहे.”

चेहरा इतका समाधानी होता की पुढे बोलणं माझ्या जिवावर आलं.

मे महिन्यात अर्लीनबाई आल्या, या वेळी रूबार्बच्या आंबट देठांचा ‘पाय’ घेऊन. चाप खरोखर लोण्यासारखा झाला होता. पहिला बार उडाला. दुसऱ्याला घोडा टोपीवर असा अलगद टेकला की टोपीला जागच आली नाही. मी जूनला पाळण्यात ठेवते तेव्हा माझे हातही इतके हलके नसतात. तिसऱ्याला टोपी फुटली, कपचा फटीत पडला आणि सगळं अडकलं.

अशा टाळ्या त्या खाणीत पूर्वी कधी पडल्या नव्हत्या. सगळे धावले. सात खिशांतून सात स्क्रूड्रायव्हर निघाले. मर्लचे डोळे भरून आले होते. “आता कसा एमेट आपल्यातला झाला!” असं म्हणून त्यांनी अर्लीनबाईंना मिठी मारली, आणि एमेटचं नाव ‘काम चालू’ या वहीत तिथल्या तिथे पेन्सिलीने चढवलं. पाटीला हात लावावा लागला नाही.

अर्लीनबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. “अकरा वर्षं मी त्याला आळशी म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “डबा उघड, हात लाव, इतरांचं बघ जरा. जेवताना, झोपताना, मी काही पाठ सोडली नाही त्याची.” आणि मग, “तरी नाही उघडला त्याने.”

इतक्यात घोळक्यातून हाक आली, “अर्लीन, इकडे जरा दिवा धरतेस का? फटीत काही दिसत नाही.”

त्या उठल्या, दिवा घेतला आणि एमेट उभा राहायचा तिथे जाऊन उभ्या राहिल्या. दर गुरुवारी मंडळाच्या बैठकीला येतात आता. स्क्रू हरवला तर त्याच शोधतात.

हे वाचता वाचता तुमच्या डोळ्यांपुढे एक माणूस आला असेल. नवरा, मेहुणा, नाहीतर शेजारचे कोणी. हे त्याला वाचायला द्यायला हवं, म्हणजे जरा सुधारेल, असंही मनात येऊन गेलं असेल. तसा माणूस बरा चाललाय. पण थोडासा घासला तर आणखी बरा चालेल, इतकंच. मंडळाला तुमच्यासारख्याच माणसांची गरज आहे. सभासद होण्यासाठी रिव्हॉल्व्हर असलंच पाहिजे, असा आमचा नियम नाही.