आगारात लावलेला डाव

ईरा आणि निहार,

परवा व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, "आजी, इकडे कधी येतेस?" आणि मी म्हणाले, "आमचा लूडोचा डाव संपला की येते." तुम्ही दोघं हसलात. तुमच्या बाबाला वाटलं, तिकीट काढूनही आई टाळते आहे. मी टाळत नव्हते. त्या डावात एक माणूस आहे, आणि त्याच्याविषयी फोनवर सांगायला घेतलं की मधेच तुमची शाळेची बस येते. म्हणून लिहून कळवते.

या महिन्यात त्या माणसाने माझी लाल सोंगटी तोंडात टाकली.

माझ्या तीन सोंगट्या घरात पोचल्या होत्या. चौथीला फक्त एक हवा होता. फासा माझ्या हातात होता. मन्मथअप्पांनी शांतपणे हात पुढे केला, सोंगटी उचलली, सुपारी ठेवावी तशी गालात ठेवली आणि वर चहाचा घोट घेतला. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी गिळणारी मुलं पाहिली आहेत. पण सत्तरी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून प्लास्टिक चघळतो आहे, हे पहिल्यांदाच पाहत होते.

सय्यद सर गणिताचे निवृत्त शिक्षक. ते खुर्चीतून अर्धे उठले. "अप्पा! निकालो वो! पोरगं हाव का तुम्ही?"

शेजारची विमल म्हणाली, "गिळली तर एक्स-रे काढायला कोण नेणार? मी नाही नेणार."

अप्पांचा एक गाल फुगलेला. त्या गालातून आवाज आला, "गाडी रद्द झाल्याली हाय. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

हे अप्पा आमच्या कॉलनीत चार घरं सोडून राहतात. अहमदपूरच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे काचेमागे बसून माइकवर गाड्या पुकारणारे. निवृत्तीनंतर बायकोसह लातुरात आले. वहिनी गेल्या, मुलगी नांदेडला, आणि अप्पांची ड्यूटी मात्र सुटली नाही. लूडोत ते सोंगट्या खेळत नाहीत, गाड्या सोडतात. लाल म्हणजे नायगाव, हिरवी मुरूड, पिवळी उदगीर, निळी नांदेड. कुणाची सोंगटी मेली की "नायगाव गाडी पंक्चर." सहा पडले की "जादा गाडी सोडण्यात येत आहे." घोषणा शुद्ध मराठीत, नाकातून, आणि घोषणा संपली की लगेच, "टाका की बाई, काय इच्यार करून राहिल्या?"

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला आम्ही माझ्याकडे जमतो. कपाखाली बशी असलीच पाहिजे, फासा खाली पडला तर पुन्हा टाकायचा, आणि खेळताना फोन बंद, हे माझे नियम. बैठक सुरू केली ती मात्र समोरच्या जोशीकाकांनी. गेल्या वर्षी एका रविवारी काका जिंकले. मी साबुदाण्याचे वडे केले होते, टाळ्या झाल्या. "पुढच्या महिन्यात नवीन मांडू," म्हणाले. त्याच आठवड्यात मुलाने त्यांना पुण्याला नेलं. घर भाड्याने दिलं. काकांच्या खुर्चीत विमल आली आणि आम्ही नवीन डाव मांडला.

तो डाव अजून चालू आहे.

कसा, ते ऐका. पहिल्या महिन्यात सय्यद सर जिंकायला आले आणि अप्पांचं कोपर चहाला लागलं. पटावर चहाचा पूर; सोंगट्या पुसून अंदाजाने पुन्हा मांडाव्या लागल्या. पुढच्या वेळी विमल जिंकणार, तर अप्पांनी चालक-वाहकांचा संप पुकारला आणि खरोखर हाताची घडी घालून बसले, पाऊण तास. तिसऱ्या वेळी घड्याळ पाहून म्हणाले, "येळ संपली. डाव आगारात लावतो." आणि माझ्या चांगल्या ट्रेवर पट जसाच्या तसा ठेवून, दोन्ही हातांत धरून, नैवेद्य न्यावा तसे रस्त्याने चालत गेले. मी फाटकात उभी राहून बघत राहिले. मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. अप्पा वळलेसुद्धा नाहीत.

पुढच्या महिन्यात पट परत आला. एक सोंगटी इकडची तिकडे झालेली नव्हती. तेव्हापासून हे असंच. ट्रेची मी आशा सोडली.

पण तोंडात सोंगटी म्हणजे हद्द झाली. त्यात त्या दिवशी चहाच्या वेळीच मी सगळ्यांना सांगितलं होतं की जूनमध्ये मुलाकडे चालले आहे, तिकीट काढलं आहे, तेव्हा आज हा डाव संपवूनच उठायचं. मला अर्धवट काही सोडवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. सगळे उठेपर्यंत अप्पांनी सोंगटी बाहेर काढली नाही. पट घेऊन गेले.

दोन दिवस मी धुमसत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेले. पट ताब्यात घ्यायचा, रविवारी बोलावून डाव संपवायचा आणि जमलं तर ट्रेही आणायचा, असं ठरवलं होतं.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. मे महिना, लातूर, दुपार, आणि पंखा बंद. वीज होती, शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येत होता. अप्पा सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते, बनियन चिंब, आणि पुठ्ठ्याने वारा घेत होते, तोही खाटेकडे पाठ करून. खाटेवर गादी नव्हती. खाटेवर एक फळी, फळीवर माझा ट्रे, आणि त्यावर उपडं घातलेलं मोठं टोपलं.

"अप्पा, पंखा बिघडला का?"

"न्हाई. पंख्यानं सोंगट्या हालतात बाई. टोपल्यातून वारं शिरतंय."

"मग रात्री?"

"रात्रीबी हालतात."

"आणि झोपता कुठे?"

"हितं. फरशी लई गार लागती."

मी फरशीला हात लावला. तव्यासारखी होती. इतके महिने हा माणूस असा झोपतो आहे? लूडोसाठी?

"अप्पा, हा वेडेपणा आहे. रविवारी या, माझा एक पडू द्या, संपवून टाकू. मग नवीन मांडू."

अप्पांनी पुठ्ठा खाली ठेवला. "जोशीबी हेच म्हनले होते."

त्यांनी टोपल्याकडे पाहिलं. "स्टँडवर शेवटची गाडी मी कधी येळेवर सोडली न्हाई बाई. पाच-सात मिनिटं धरून ठिवायचो. डायवर शिव्या द्यायचा. साहेबांनी दोनदा मेमो दिला. पर ती गेली की मग स्टँडावर कुत्री आन मी. आन शेवटच्या गाडीतला मानूस कधी मागं वळून बगत न्हाई. खिडकी लावून घेतो."

चहाचा पूर, संप, आगार, गालातली सोंगटी, एकेक करून माझ्या डोळ्यांपुढे आलं. सगळं जोशीकाका गेल्यानंतरचं. हिशेब इतका सोपा होता की गणिताचे सय्यद सर आणि मी, दोघांचाही तो चुकला.

"तिकीट काढलं म्हनं तुमी?" अप्पांनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले. मी कधी 'हाव' म्हणत नाही.

"जाताचं का येताजाताचं?"

"येताजाताचं."

"दाखवा."

मी फोनवर तिकीट उघडून दिलं. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत सगळं वाचलं, परतीच्या ओळीवर बोट थांबलं. मग म्हणाले, "फलाट लिव्हला न्हाई."

"विमानाला आधी सांगत नाहीत."

"बेशिस्त हाय." मग ते उठून उभे राहिले, बनियनवरच. घसा साफ केला. मूठ तोंडासमोर धरली. "हैदराबादमार्गे अमेरिकेला जाणारी गाडी फलाटाला लागत आहे. सदर गाडी परत येणार आहे." जरा थांबले. "परत येणार आहे."

मी घरी गेले आणि लग्नातली कणकेची मोठी परात घेऊन आले. टोपलं उचललं. माझी लाल सोंगटी स्वच्छ धुऊन आपल्या जागी ठेवलेली होती. परात उपडी घातली, दाबून बसवली आणि पंख्याचं बटण दाबलं, पूर्ण वेगावर. अप्पा खाली वाकून परातीला कान लावून बसले. बराच वेळ.

"हालंना," म्हणाले. मग म्हणाले, "आता कनिक कशात मळनार बाई?"

"वाटीत," मी म्हणाले.

तर मुलांनो, मी जूनमध्ये येते आहे. डाव संपल्यावर येते म्हणाले होते, ते मागे घेते. तुमच्या बाबाला सांगा, परतीचं तिकीट पुढे ढकलायचं नाही, अप्पांनी ते पाहिलेलं आहे.

डाव तिथेच आहे. लाल सोंगटी घरापासून एक घर अलीकडे उभी आहे. पंखा चालू आहे.